घाट चढण्याआधी: इक्सी करायला निघालेल्या कोकणातल्या जोडप्यांसाठी

शुक्राणूचं इंजेक्शन म्हटलं की वाटतं, सुई बाईला टोचायची. मलाही तसंच वाटलं होतं. कणकवलीच्या डॉक्टरीणबाईंना मी पहिला प्रश्न विचारला तो, "किती दुखेल?" त्या हसल्या. ही सुई बाईला लागतच नाही. बाईच्या शरीरातून बाहेर काढलेल्या स्त्रीबीजाला ती लागते, तीही प्रयोगशाळेत, सूक्ष्मदर्शकाखाली. केसाच्या दहाव्या हिश्श्याइतकी बारीक काचेची नळी असते. तिच्यातून एकच शुक्राणू उचलायचा आणि एका बीजाच्या पोटात नेऊन सोडायचा. याला इक्सी म्हणतात.

आम्ही देवगड तालुक्यातले. नवरा जहाजावर. इक्सीच्या दोन फेऱ्या केल्या. त्यातली पहिली वाया गेली, आणि त्याआधीची दोन वर्षं त्याहून जास्त वाया गेली. आता वाडीतल्या, माहेरच्या, कोणाच्या तरी ओळखीतल्या मुली फोन करतात, आणि मी तेच तेच सांगत असते. म्हणून एकदा लिहून काढलं. मी डॉक्टर नाही. औषधाचा डोस, कोणाला काय चालेल, हे ज्याचं त्याने आपल्या डॉक्टरांना विचारायचं.

आधी नावांचा घोळ सोडवा

तीन नावं कानावर पडतात. आययूआय म्हणजे नवऱ्याचं वीर्य धुऊन, त्यातले चांगले शुक्राणू बारीक नळीने गर्भाशयात सोडणं. दहा मिनिटांचं काम, भूल नाही, तालुक्याच्या गावीही काही ठिकाणी होतं. आयव्हीएफ म्हणजे बीजं बाहेर काढून एका बशीत शुक्राणूंसोबत ठेवणं. आत शिरायचं काम शुक्राणूने स्वतः करायचं. इक्सीत तेवढी एक पायरी बदलते, शुक्राणू हाताने आत घालतात. बाकी सुया, सोनोग्राफ्या, बीजं काढणं, भ्रूण परत ठेवणं, सगळं आयव्हीएफसारखंच. आपल्याकडे दोन्हीला सरसकट 'टेस्ट ट्यूब बेबी' म्हणतात, त्यामुळे बिलावर काय लिहिलंय ते नीट वाचा.

पहिली तपासणी त्याची

इथे मी थोडी रेंगाळणार आहे, कारण आमची दोन वर्षं इथेच गेली.

माझं रक्त तपासलं, थायरॉइड तपासलं, तीन वेळा सोनोग्राफी झाली, गर्भनळ्या मोकळ्या आहेत का ते बघायला डाय घालून एक्स-रे काढला (तो दुखतो, खोटं सांगत नाही). शिमग्याला पालखी अंगणात आली तेव्हा माझ्या नावाने गाऱ्हाणं घातलं, सगळ्यांनी "व्हय म्हाराजा" म्हटलं. देवीला कौल लावला, तोही माझ्याच नावाने. नवऱ्याची तपासणी करू म्हटलं तर सासूबाई म्हणाल्या, "माझ्या झिलाक काय झाला? तेका कित्याक तपासूक व्हया?" आणि शेवटी सगळ्यात स्वस्त, सगळ्यात सोपी वीर्यतपासणी केली तेव्हा काउंट, म्हणजे शुक्राणूंची संख्या, दोन निघाला. दोन दशलक्ष.

मूल न होणाऱ्या जोडप्यांपैकी जवळजवळ निम्म्यांत पुरुषाकडचं कारण एकटं तरी असतं, नाहीतर बाईकडच्या कारणाच्या जोडीला तरी. म्हणून बायकोच्या पोटाला हात लावायच्या आधी नवऱ्याचा रिपोर्ट हातात हवा.

तपासणी नीट व्हायला काही गोष्टी पाळाव्या लागतात. आधी दोन ते सात दिवस संबंध नको आणि हस्तमैथुनही नको. नमुना लॅबमध्येच द्या. घरून न्यायचा तर तासाभरात, अंगाजवळ उबेत ठेवून पोचवावा लागतो, आणि आपल्याकडे विजयदुर्गाहून कणकवलीला जायलाच तासापेक्षा जास्त लागतो. तेल, साबण, थुंकी, साधा निरोध काही वापरायचं नाही. आणि एका रिपोर्टवर रडायचं नाही. खराब आला तर काही आठवड्यांनी पुन्हा करा. शुक्राणू तयार व्हायला अडीच महिन्यांच्या आसपास लागतात, म्हणून आजच्या रिपोर्टात दिसतं ते अडीच-तीन महिन्यांपूर्वीचं शरीर. भातलावणीत लेप्टो झाला असेल, डेंग्यूचा ताप येऊन गेला असेल, तर काउंट तात्पुरता पडलेला असू शकतो.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये दिलेले किमान आकडे असे: वीर्य १.४ मिलिलिटर, एका मिलिलिटरमध्ये १६ दशलक्ष शुक्राणू, हालचाल करणारे ४२ टक्के, एकूणातले सरळ पुढे पोहणारे ३० टक्के, आणि नीट आकाराचे फक्त ४ टक्के. शेवटचा आकडा वाचून पुष्कळ पुरुष खचतात. "शंभरातले शहाण्णव वाकडे?" हो, आणि तरीही नॉर्मल. या आकड्यांच्या खाली असणाऱ्यांनाही आपोआप मुलं होतात, वर असणाऱ्यांनाही कधी होत नाहीत.

रिपोर्टवर 'निल' आलं, म्हणजे एकही शुक्राणू दिसला नाही, तर तिथेच सगळं संपत नाही. कारखाना चालू आहे पण रस्ता बंद आहे, की कारखान्यातच माल बनत नाही, हे आधी शोधतात. त्यासाठी हार्मोनची रक्ततपासणी, अंडकोषांची तपासणी आणि बहुधा गुणसूत्रांची तपासणी सांगतात. मोठेपणी गालगुंड झालं होतं का, हर्नियाचं ऑपरेशन झालंय का, हे न विचारता सांगा. जिममध्ये 'बॉडी'साठी टेस्टोस्टेरॉनची इंजेक्शनं घेतली असतील तर तेही सांगा, बायको खोलीत नसताना सांगायचं तर तसं सांगा. बाहेरून घेतलेलं टेस्टोस्टेरॉन शुक्राणू बनणंच बंद करतं, आणि बहुतेकांत ते थांबवल्यावर काही महिन्यांनी परत सुरू होतं. रस्ता बंद असेल तर बारीक सुईने थेट अंडकोषातून किंवा त्याच्या वरच्या नळीतून शुक्राणू काढता येतात, आणि इक्सीला ते मूठभरही पुरतात, कारण एका बीजाला एकच लागतो. जन्मजात कारण निघालं तर पुढच्या पिढीचा विचार करून जनुकीय सल्ला घ्या. वाय गुणसूत्राचा तुकडा गळालेला असेल तर मुलग्यातही तोच दोष उतरतो.

तंबाखू, गुटखा, दारू बंद. व्हेरिकोसील (अंडकोषाच्या फुगलेल्या शिरा) असेल तर ऑपरेशन करायचं की थेट इक्सी, हे बायकोच्या वयावर ठरतं. बागायतदारांनी एवढंच करायचं, हापूसच्या फवारणीचं काम स्वतः करत असाल तर ते डॉक्टरांच्या कानावर घालायचं.

इक्सी खरंच लागते का?

ही पद्धत १९९१ मध्ये ब्रुसेल्समध्ये जियानपिएरो पालेर्मो या तरुण डॉक्टरच्या हातून जमली, आणि १९९२ मध्ये तिच्यातून पहिली मुलं जन्मली. तोवर टेस्ट ट्यूब बेबीला चौदा वर्षं होत आली होती. आपल्या मुंबईतही के.ई.एम.मध्ये डॉ. इंदिरा हिंदुजांच्या हातून ६ ऑगस्ट १९८६ रोजी हर्षा जन्मली होती. पण ज्या पुरुषाचे शुक्राणू फारच कमी किंवा न हलणारे, त्याच्यासाठी साधं आयव्हीएफ निरुपयोगी होतं. इक्सी जन्माला आली ती त्याच्यासाठी. आधीच्या आयव्हीएफमध्ये बीजं फळलीच नाहीत अशांनाही ती सांगतात, गोठवलेली बीजं वापरताना सांगतात.

पण आता सगळ्यांनाच सांगतात, आणि इथे माझं मत थोडं तिखट आहे. नवऱ्याचा रिपोर्ट चांगला असताना इक्सीने फायदा होतो का, हे व्हिएतनाममध्ये १,०६४ जोडप्यांवर तपासलं गेलं, निकाल २०२१ मध्ये आला. पहिल्या भ्रूणरोपणातून मूल घरी आलं ते इक्सीत ३५ टक्के, साध्या आयव्हीएफमध्ये ३१ टक्के, आणि हा फरक योगायोगाने पडावा इतकाच होता. म्हणून डॉक्टरांना सरळ विचारा: "आमच्या केसमध्ये इक्सी कशासाठी?" उत्तर एका वाक्यात आलं तर बरं. "हल्ली सगळे तेच करतात" हे उत्तर नव्हे. आणि बायकोचं वय वाढल्यामुळे बीजं थोडी किंवा हलक्या दर्जाची असतील, तर ती अडचण इक्सीने सुटत नाही. पस्तिशीनंतर बीजांची संख्या आणि दर्जा उतरतो, चाळिशीनंतर झपाट्याने. संख्येचा अंदाज एएमएच ही रक्ततपासणी आणि पाळीच्या सुरुवातीची सोनोग्राफी देते.

दवाखाना

आपल्याला घाट चढावाच लागतो, नाहीतर गाडी पकडावी लागते. देवगड-कणकवलीकडचे लोक फोंडा घाटाने कोल्हापूरला जातात, रत्नागिरीकर आंबा घाटाने, चिपळूणकर कुंभार्ली चढून कराडकडे किंवा सरळ मुंबईला, सावंतवाडी-वेंगुर्ल्याचे गोव्याला. जवळचा की नावाजलेला, असा प्रश्न पडतो. मी म्हणेन, जिथे नातेवाइकांकडे दहा-बारा दिवस राहता येईल असं शहर आधी बघा.

तिथे पोचल्यावर नोंदणीचं प्रमाणपत्र विचारा. सहायक जननतंत्रज्ञानाचा २०२१ चा कायदा २५ जानेवारी २०२२ पासून लागू आहे. नोंदणीशिवाय कोणालाही हे उपचार करता येत नाहीत. बाईचं वय २१ ते ५०, पुरुषाचं २१ ते ५५ या मर्यादेत हवं. दोघांची लेखी संमती लागते, आणि ते फॉर्म मराठीत समजावून घेतल्याशिवाय सही करू नका. दात्याचं बीज किंवा शुक्राणू लागले तर ते नोंदणीकृत बँकेतूनच. "मुलगाच ठेवून देतो" असं कोणी सुचवलं तर तिथून उठा. तो गुन्हा आहे.

भिंतीवर '८० टक्के यश' लिहिलेलं दिसलं तर विचारा, कशाचे ऐंशी? पाळी चुकली त्याचे, सोनोग्राफीत ठोके दिसले त्याचे, की मूल घरी गेलं त्याचे? आणि कोणत्या वयाच्या बायकांचे?

कॅलेंडर घेऊन बसा

शहरातल्या जोडप्याला जे डोक्यात धरायला लागत नाही, ते आपल्याला लागतं. नवरा कुठे असेल?

नवरा जहाजावर, आखातात किंवा मुंबईत असेल तर सगळ्यात उपयोगाची गोष्ट ही: शुक्राणू गोठवून ठेवता येतात. तो सुट्टीवर असताना नमुना द्यायचा, तो द्रव नायट्रोजनमध्ये उणे १९६ अंशांवर राहतो, आणि बायकोचे उपचार तो समुद्रात असतानाही चालू ठेवता येतात. गोठवून काढल्यावर काही शुक्राणू मरतात, पण इक्सीला थोडेच लागतात, त्यामुळे सहसा भागतं. आम्हाला हे पहिल्या दवाखान्यात कोणी सांगितलंच नाही. नवऱ्याची सुट्टी आणि माझी पाळी जुळेना म्हणून एक अख्खं कॉन्ट्रॅक्ट आम्ही वाट बघत काढलं. नवरा घरीच असला, तरी एक नमुना आधी गोठवून ठेवा. ऐन दिवशी, बाहेर नर्स दार वाजवत असताना, भल्याभल्यांना जमत नाही.

मच्छीमार कुटुंबांना १ जून ते ३१ जुलैची बंदी सोयीची वाटते, नवरे घरी असतात. पण त्याच महिन्यांत घाटात दरड कोसळते, कोकण रेल्वे पावसाळी वेळापत्रकाने हळू धावते, आणि वीज जाते. बंदीच्या काळात करायचंच असेल तर सुया सुरू झाल्यापासून घाटापलीकडे मुक्काम ठेवा. आंब्याचे पैसे हातात येतात तेही मेअखेर, हे डॉक्टरांना कुठून माहीत असणार, पण तुम्ही हिशेबात धरा. गणपतीत फेरी येणार नाही एवढं मात्र मी प्रत्येकीला सांगते. घर माणसांनी भरलेलं, आणि प्रत्येकजण विचारणार, "पोटावर सुई कसली गो?"

सुया आणि फ्रीज

पाळीच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सोनोग्राफी होते आणि इंजेक्शनं सुरू होतात. एरवी महिन्याला एक बीज पिकतं, या औषधाने बरीच एकदम पिकवतात. साधारण नऊ ते बारा दिवस, रोज एकाच वेळी, बेंबीच्या बाजूला, बारीक सुईने. मध्ये तीन-चार सोनोग्राफ्या. काही दिवसांनी बीजं आपोआप फुटू नयेत म्हणून दुसरी सुई सुरू होते. स्वतः टोचायला शिका, दोन दिवसांत हात बसतो. नाहीतर प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या सिस्टरना विचारा.

बहुतेक औषधं २ ते ८ अंशांत ठेवायची असतात. फ्रीजच्या दारात नको, फ्रीझरमध्ये तर मुळीच नको, गोठलं की गेलं. प्रवासात थर्मासमध्ये बर्फ, बर्फावर टॉवेल, टॉवेलवर औषध. आमच्याकडे मासळीचा बर्फ हवा तेवढा, पण त्या पेटीत औषध ठेवू नका. मी ठेवलं होतं, औषध ठीक राहिलं, दवाखान्याच्या फ्रीजला मात्र दिवसभर बांगड्याचा वास येत होता.

ज्यांना पीसीओएस (बीजकोशांत बारीक बारीक गाठी दिसतात तो हार्मोनचा त्रास) आहे त्यांनी एक जपावं. औषधाला बीजकोशांनी जास्तच जोर धरला तर पोट फुगतं, एक-दोन दिवसांत वजन वाढतं, लघवी कमी होते, धाप लागते. हे बीजं काढल्यानंतरही होऊ शकतं, म्हणजे तुम्ही गावी परतल्यावर. दवाखान्याचा रात्रीचा फोन नंबर घेतल्याशिवाय घाट उतरू नका, आणि अशी लक्षणं दिसली तर सकाळची वाट बघू नका.

ट्रिगरची वेळ

सगळ्या उपचारात घड्याळ इथे चालतं. बीजं तयार झाली की शेवटची सुई देतात, ट्रिगर. त्यानंतर ३४ ते ३६ तासांनी बीजं काढतात. सोमवारी रात्री दहाला सुई, तर बुधवारी सकाळी दहाच्या सुमारास पिकअप. उशीर झाला तर बीजं फुटून निघून जातात आणि महिनाभराचं सगळं पाण्यात. सुई रात्री दहा म्हणजे दहालाच. आणि मंगळवारी रात्री तुम्ही दवाखान्याच्या शहरात झोपलेल्या असायला हव्यात, पहाटेच्या एस.टी.त नव्हे.

पिकअप, आणि आत काय चालतं

उपाशी पोटी जायचं. थोडी भूल देतात, योनिमार्गातून सोनोग्राफीच्या आधाराने सुईने बीजं ओढून घेतात, पंधरा-वीस मिनिटांत संपतं. टाके नाहीत. संध्याकाळी घरी, दोन दिवस पोट जड, थोडे रक्ताचे डाग.

त्या वेळात आत प्रयोगशाळेत बीजाभोवतीचं पेशींचं आवरण काढून टाकतात आणि पिकलेली बीजं वेगळी करतात. कच्च्यांत इंजेक्शन देत नाहीत. मग तंत्रज्ञ चांगला दिसणारा, हलणारा शुक्राणू निवडतो, त्याची शेपटी नळीने दाबून त्याला स्थिर करतो, आणि बीजात सोडतो. सोळा-अठरा तासांनी बघतात. बीजात दोन ठिपके दिसले, एक आईचा, एक बापाचा, तर फळलं.

इथे गळती लागते, ती आधीच माहीत असलेली बरी. ढोबळमानाने दहा बीजं निघाली तर आठ पिकलेली, त्यातली पाच-सहा फळतात, आणि पाचव्या दिवसापर्यंत दोन-तीन भ्रूण टिकतात. मला फोनवर रोज आकडा उतरता सांगत होते आणि मी रोज रडत होते. कोणी आधी सांगितलं असतं की असंच होतं, तर कमी रडले असते.

भ्रूण ठेवल्यावरचे चौदा दिवस

तिसऱ्या किंवा पाचव्या दिवशी पातळ नळीने भ्रूण गर्भाशयात ठेवतात. भूल लागत नाही, मूत्राशय थोडं भरलेलं ठेवायला सांगतात. कधी कधी सगळे भ्रूण गोठवून पुढच्या-त्यापुढच्या पाळीला ठेवतात, त्यात काही वाईट नाही. किती ठेवायचे यावर घरात "दोन ठेवा, जुळी होऊदेत" असा सूर निघतो. जुळ्यांत मुदतीआधी प्रसूती आणि कमी वजन यांचा धोका जास्त, आणि नवजात बालकांचा चांगला अतिदक्षता विभाग तुमच्या गावापासून किती तासांवर आहे ते आठवा. चांगला भ्रूण असेल तर एकच ठेवा.

मग आडवं पडून राहायचं? गरज नाही. झोपून राहिल्याने भ्रूण जास्त चिकटतो असं कुठेच दिसलेलं नाही. चाला, जेवण करा, गाडीने घरी या. फक्त विहिरीवरून हंडे आणि भाताचे भारे दुसऱ्या कोणी उचलावेत. प्रोजेस्टेरॉनची औषधं डॉक्टर सांगतील तोवर बंद करू नका, डाग दिसला तरी. आणि घरी पट्टीवर तपासू नका. ट्रिगरचं औषध अंगात असेल तर खोटी दुसरी रेघ येते. साधारण चौदाव्या दिवशी रक्ताची बीटा तपासणी (गर्भ राहिल्यावर वाढणारं हार्मोन मोजतात), सुरुवातीच्या दिवसांत ती पातळी दोन दिवसांत दुप्पट व्हायच्या वाटेवर आहे का ते बघायला पुन्हा एकदा, आणि मग सहा-सात आठवड्यांची सोनोग्राफी. त्या सोनोग्राफीपर्यंत कोणाला सांगायचं, हे दोघांनी आधीच ठरवा. आम्ही पहिल्या वेळी सगळ्या वाडीला सांगून बसलो होतो.

इक्सीच्या मुलांत जन्मजात दोषांचं प्रमाण किंचित जास्त आढळतं, त्यामुळे पुढच्या सोनोग्राफ्या, विशेषतः पाचव्या महिन्यातली, चुकवू नका.

नाही राहिलं, तर निदान एक पाळी जाऊ द्या आणि फाईल घेऊन डॉक्टरांसमोर बसा. किती पिकली, किती फळली, भ्रूण कसे होते, गर्भाशयाचं अस्तर किती जाड होतं. ही माहिती लेखी मागून घ्या, दवाखाना बदलायचा असेल तरी ती लागतेच.

पैसे

एका फेरीला औषधं धरून दीड ते अडीच लाख, कुठे जास्तही. अंदाजपत्रक मागताना पाच गोष्टी वेगळ्या विचारा: औषधं, इक्सी, भूल, गोठवणं, आणि गोठवलेलं पुन्हा ठेवायचा खर्च. पहिल्या फेरीत आम्ही 'पॅकेज'चा आकडा ऐकून गेलो आणि औषधं त्यात नव्हतीच, पावणेदोन लाखांच्या वर गेलं. बहुतेक आरोग्य विम्यांत हे बसत नाही, तरी पॉलिसी वाचा. येण्याजाण्याचा, राहण्याचा, बुडलेल्या मजुरीचा खर्चही याच वहीत मांडा.

भ्रूण उरले तर ते कायद्याने दहा वर्षांपर्यंत ठेवता येतात, पण दरवर्षी भाडं भरावं लागतं. तारीख चुकवू नका, पावती जपून ठेवा, पत्ता किंवा फोन बदलला तर कळवा. आमचे दोन आहेत तिकडे. भाड्याची तारीख नारळी पौर्णिमेच्या आसपास येते, आणि नवरा तेव्हा नेमका समुद्रावर असतो, म्हणून ती मी लेकीच्या बालवाडीच्या कॅलेंडरवर लाल पेनाने लिहून फ्रीजला चिकटवली आहे.